पेशंटच्या खाटेशी ओव्हर: काय बोलायचं, काय नाही, आणि वेळ कुठून आणायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीस खाटांचा सर्जिकल वॉर्ड. ड्यूट्या ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. दिवसा तीन सिस्टर, रात्री दोन. मेट्रननी (नर्सिंगच्या प्रमुखांनी) सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, काउंटरवर बसून करायची नाही. ड्यूटी संपलेली आणि नवीन आलेली, दोघींनी प्रत्येक खाटेशी जायचं आणि पेशंटलाही त्यात बोलू द्यायचं. स्टाफ म्हणतो की वेळ दुप्पट जाईल, शेजारचे पेशंट ऐकतील आणि नातेवाईक तक्रारींचा पाढा वाचतील. मग हे करायचं कसं?

स्टाफच्या तिन्ही शंका खऱ्या आहेत आणि तिन्हींवर मार्ग आहे. पण काउंटरवरचं रिपोर्ट बुक उचलून खाटेशी नेऊन तेच वाचून दाखवलं, तर या बदलाचा काडीचा उपयोग नाही. उलट पेशंट घाबरतो. सिस्टर, डॉक्टर, मावशी (आया), मामा (वॉर्डबॉय) सगळे पाळीपाळीने बदलतात. चोवीस तास तिथे असतो तो फक्त पेशंट. सलाईन किती वाजता बंद पडली, जेवण खरंच पोटात गेलं की ताट तसंच परत गेलं, घरून आणलेली गोळी कुणी दिली, हे त्याला ठाऊक असतं. केस पेपरवर ते असेलच असं नाही. खाटेशी ओव्हर घ्यायची ती ही माहिती ड्यूटी संपायच्या आत बाहेर काढण्यासाठी, आणि कागदावर लिहिलेलं दोघींच्या डोळ्यांनी एकदा पडताळण्यासाठी.

हे नवं फॅड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यात ड्यूटी सोपवतानाचा संवाद हा स्वतंत्र विषय होता आणि पेशंट-नातेवाइकांना त्यात घ्या, असं तिथेच म्हटलं होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या रुग्णालयांनी खाटेजवळची ओव्हर नीट बसवली. आपल्याकडे एनबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या, निकषांत दर पाळीला माहिती सोपवणं आणि त्याची नोंद ठेवणं आहेच. एसबीएआर, म्हणजे आत्ताची परिस्थिती, मागची हकीगत, तुमचा अंदाज आणि पुढे काय करायचं, हा साचा बहुतेकींना माहीत असतो. साचा चांगला आहे, पण तो दोन जाणकारांमध्ये बोलायचा आहे. खाटेशी तिसरा माणूस आहे आणि विषय त्याच्याच शरीराचा आहे.

म्हणून ओव्हरचे दोन भाग करा. पहिला भाग काउंटरवर, उभ्या उभ्या, पाच मिनिटांच्या आत. यात फक्त खाटेशी बोलता येणार नाही तेवढंच. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट. गर्भपाताची केस. मानसिक आजाराची औषधं. पोलीस केस. कुणी मारहाण केल्याचा संशय. कॅन्सरचं निदान झालंय पण डॉक्टरांनी पेशंटला अजून सांगितलेलं नाही, असे पेशंट. शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटबाबत घरच्यांशी काय बोलणं झालंय ते. यातल्या काही गोष्टी नुसत्या शिष्टाचाराच्या नाहीत. एचआयव्ही बाधितांसाठीचा २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा या दोन्हींत गोपनीयतेची सक्ती आहे, आणि गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचं नाव उघड करण्यावर शिक्षा आहे. खाटेशी यातलं काही 'कोड' भाषेतसुद्धा बोलू नका. 'सीए' (कॅन्सर), 'रिॲक्टिव्ह' (चाचणीत लागण दिसली) हे शब्द शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कळत नाहीत, हा आपला गैरसमज आहे. आणि कळले नाहीत तरी दोघी आवाज खाली करून इंग्रजीत काहीतरी बोलल्या, एवढ्यावरून पेशंट रात्रभर जागतो.

निदान लपवून ठेवायची विनंती आपल्याकडे घरचेच करतात. हा गुंता ओव्हरमध्ये सोडवायचा नसतो. खाटेशी आजाराचं नाव घ्यायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. पेशंटने थेट विचारलं तर 'हे मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं आहे, राउंडला ते आले की मी तुमच्यासोबत उभी राहते' असं सांगायचं आणि तसं रिपोर्ट बुकात लिहायचं.

दुसरा भाग खाटेशी. उभं कुठे राहायचं, इथूनच फरक पडतो. पायथ्याशी उभं राहिलात तर आवाज चढवावा लागतो आणि अर्धा वॉर्ड ऐकतो. उशाशी या, एक या बाजूला, एक त्या बाजूला, सलाईनचा हात असेल त्या बाजूला ड्यूटी संपलेली सिस्टर. पडदा ओढा, पण पडद्याने आवाज अडत नाही हे लक्षात ठेवा.

मग ओळख. पेशंटला नाव त्याच्याच तोंडून सांगू द्या. 'तुम्ही पाटील ना?' या प्रश्नाला अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस 'हो'च म्हणतो. 'पूर्ण नाव सांगा' म्हणा आणि ते हातावरच्या पट्टीशी, नोंदणी क्रमांकाशी जुळवा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, कारण पेशंट खाट बदलतात. आपल्याकडे बायकांच्या नावात हमखास घोळ असतो: आधार कार्डावर माहेरचं नाव, केस पेपरवर सासरचं, आणि हाक मारायचं तिसरंच. दाखल झाल्यावरच्या पहिल्या ओव्हरला हे निस्तरून घ्या. वॉर्डात आयांना आपण 'मावशी' म्हणतो, म्हणून पेशंटला 'मावशी' म्हणायचं टाळावं. दोघीही मान वळवतात. नावापुढे ताई, काकू, आजी लावलेलं बरं.

आता दुपारी दोनची एक ओव्हर जवळून बघू. मधुमेही काका, पायाच्या जखमेची साफसफाई होऊन दुसरा दिवस. सकाळची सिस्टर म्हणते: "काका, माझी ड्यूटी आता संपतेय. रात्री आठपर्यंत या सिस्टर तुमच्याकडे आहेत. मी त्यांना तुमची सगळी माहिती देते, तुम्ही ऐका, मग मी तुम्हाला विचारणार आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा." काका नाव सांगतात, नवी सिस्टर पट्टी बघते. "काकांच्या पायाची जखम काल साफ केली. आज सकाळी ड्रेसिंग झालं, जखम लाल आहे, वास नाही. दुखणं सकाळी दहापैकी सहा होतं, गोळीनंतर तीन. जेवणाआधीची साखर १८६, पावणेएकला इन्सुलिन आठ युनिट दिलं. दोनचं अँटिबायोटिक मी दिलेलं नाही, ते तुम्ही द्यायचं आहे. संध्याकाळी सहाला रक्ताचा नमुना पाठवायचा आहे." मग दोघी मिळून ड्रेसिंग, सलाईनची जागा बघतात. आणि मग, "काका, मी सांगितलं त्यात काही राहिलं का? काही चुकलं का?" काका जरा थांबून म्हणतात, "ते इंजेक्शन झालं, पण आज संकष्टी आहे, मी जेवलो नाही. थोडी खिचडी खाल्ली."

इन्सुलिन आत गेलंय आणि जेवण आत नाही. जेवणाचं ताट ठेवून गेलेल्या मामांनी 'दिलं' म्हणून सांगितलं, चार्टवर 'जेवण: घेतलं' असं लिहिलं गेलं. हे तीन वाजता काकांना दरदरून घाम सुटल्यावर कळण्याऐवजी दोन वाजून पाच मिनिटांनी कळलं. लगेच साखर तपासायची, डॉक्टरांना कळवायचं, खायला काय द्यायचं ते ठरवायचं, आणि उद्यापासून इन्सुलिनच्या आधी 'आज उपास आहे का?' हा प्रश्न विचारायचा. काका घरचं इन्सुलिन सोबत घेऊन आले असतील तर ती बाटलीसुद्धा ओव्हरला बघायची. एका मिलीत चाळीस युनिट असलेली बाटली आणि शंभर युनिट असलेली बाटली, दोन्ही बाजारात मिळतात. शंभरच्या बाटलीतून चाळीसच्या, म्हणजे लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात.

'काही राहिलं का, काही चुकलं का' हा प्रश्न ड्यूटी संपलेल्या सिस्टरनेच विचारायचा. नवीन सिस्टरने विचारला की पेशंटला वाटतं, आपण आधीच्या सिस्टरची तक्रार करतोय, आणि तो गप्प बसतो. जी बोलली तिनेच 'माझं चुकलं असेल तर सांगा' म्हटलं, की संकोच मोडतो. आणि पेशंटने चूक काढली तर चेहऱ्यावर आठी दिसता कामा नये. एकाला 'तुम्हाला काय कळतं' असं ऐकावं लागलं, की त्या रांगेतला एकही पेशंट पुढचे आठ दिवस तोंड उघडत नाही, कारण सगळे ऐकत असतात.

'बरं वाटतंय ना?' हा प्रश्न पूर्ण सोडून द्या. त्याचं उत्तर 'हो सिस्टर, बरंय' एवढंच येतं. त्याऐवजी 'सकाळपेक्षा आता काय वेगळं वाटतंय?', 'उठून बसल्यावर चक्कर येते का, आज कितीदा उठलात?', 'घरून आणलेली कुठली गोळी, काढा घेतलात का?' असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी वॉर्डातून सुरू असते आणि घरचे पिशवीतली तीच गोळी प्रेमाने पुन्हा देतात. 'ॲलर्जी आहे का?' याला नकार मिळतो, पण 'कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, तोंड सुजलं होतं का?' म्हटलं की आठवतं. पुढे काय होणार ते पेशंटकडून परत ऐका: 'उद्या सकाळी काय आहे, आणि रात्री किती वाजल्यानंतर पाणीही प्यायचं नाही?' त्याने 'डॉक्टर सांगतील तसं' म्हटलं, तर त्याला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही असं धरा.

बोलण्याइतकंच हात लावून बघणं आहे. सलाईनच्या बाटलीपासून शिरेपर्यंत नळी बोटांनी चाचपत जा. ५०० मिली चार तासांत द्यायची असेल तर ताशी १२५ मिली, एका मिलीचे वीस थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासांच्या खुणा केलेल्या असल्या की दोघींना एका नजरेत कळतं. वेग वाढलेला दिसला तर आधी सेटला दोष देऊ नका. 'लवकर संपली की लवकर घरी' म्हणून नातेवाईक नळीवरचं वेगाचं चाक फिरवतात. ते रागावून नव्हे तर कारण सांगून थांबवा. इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, जागी बोट ठेवून दुखतं का ते पेशंटलाच विचारा. शिरेच्या सुजेचा गुण मोजता त्यात दोन आले, म्हणजे दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं दिसली, की ती जागा बदलायची. उद्या बघू म्हणायचं नाही. लघवीची पिशवी आणि ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी नळीने साठतं ते) ओव्हरच्या वेळी रिकामे करून मिली लिहा. जमलं नाही तर पिशवीवरच्या पट्टीवर रेघ मारून वेळ टाका. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी हवी. सहा तासांत दीडशेवर अडकली असेल तर 'ठीक आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. आधी नळी कुठे दुमडली आहे का ते बघा, मग डॉक्टरांना फोन करा. कमरेखालची आणि टाचांची कातडी, खाटेचा कठडा, ऑक्सिजनचा प्रवाह, बेल हाताला लागते की नाही, हे सगळं ज्या-त्या खाटेच्या गरजेप्रमाणे. पंपावरच्या औषधाचा नुसता वेग बघून भागत नाही. सिरिंजवर औषधाचं नाव, किती मिलीत किती औषध मिसळलं ते आणि वेळ, दोघींनी वाचायचं.

औषधांच्या वेळा आणि ड्यूटीच्या वेळा एकमेकींवर पडतात, हा आपल्या वॉर्डांतला जुना खड्डा आहे. दिवसातून दोनदाचं औषध ८ आणि ८ ला, तीनदाचं ६, २ आणि १० ला. म्हणजे आठचे आणि दोनचे डोस बरोब्बर ओव्हरमध्ये सापडतात. एकीला वाटतं दुसरी देईल, किंवा दोघीही देतात. दोन उपाय आहेत. ओव्हरच्या आधी किंवा नंतर अर्ध्या तासात येणारा प्रत्येक डोस कोण देणार ते खाटेशी, पेशंटला ऐकू जाईल असं बोलायचं. आणि दिलेल्या डोसची सही औषधाच्या चार्टवर तिथल्या तिथे व्हायला हवी, ड्यूटी संपवून काउंटरवर एकगठ्ठा सह्या करायच्या नाहीत. पेशंटने 'आठचं इंजेक्शन अजून आलं नाही' असं स्वतःहून म्हटलं, तर ही पद्धत रुजायला लागली.

नातेवाइकांचं. परवानगी खाटेशी मागू नका. 'काकू, तुमच्या तब्येतीबद्दल बोलतोय, सूनबाई थांबल्या तर चालेल का?' याला सुनेसमोर कुठल्या काकू 'नको' म्हणणार? हे दाखल करतानाच, एकटं गाठून विचारायचं: तुमच्याबद्दलची माहिती कुणासमोर बोलायची, कुणासमोर नाही. उत्तर केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहायचं. मग ओव्हरच्या वेळी एकच नातेवाईक ठेवायचा आणि बाकीच्यांना 'दहा मिनिटं बाहेर थांबा' असं सरसकट सगळ्या वॉर्डाला सांगायचं, म्हणजे कुणा एकाला हाकलल्यासारखं होत नाही. नवरा बायकोच्या वतीने उत्तरं देऊ लागला तर 'तुमचंही ऐकते, आधी त्यांना सांगू द्या' म्हणा आणि खरंच थांबा. पाच सेकंदांची शांतता सहन करायला शिकावं लागतं. गाठीभेटींची वेळ दोनला असेल तर ती अडीचला सरकवून घ्या. ते काम मेट्रनचं आहे, वॉर्डच्या सिस्टरचं नाही.

तक्रार आली तर? 'रात्री बेल मारली, कुणी आलं नाही.' तिथे सफाई देऊ नका, वादही घालू नका. नवीन सिस्टरने 'लिहून घेते, इन्चार्जना सांगते, आणि आता बेल मारलीत की मी येते' एवढंच म्हणायचं आणि संध्याकाळपर्यंत इन्चार्ज, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, खरंच त्या खाटेशी जायला हवी. गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी तीच तक्रार दुप्पट आवाजात येते आणि ओव्हर लांबते.

भाषेचा प्रश्न मुंबई-पुण्यात हिंदीवर भागतो. नंदुरबारला पावरी, गडचिरोलीला गोंडी बोलणारा पेशंट 'हो' म्हणतो तेव्हा त्याला कळलंय असं धरू नका. त्या भाषेच्या मावशी किंवा मामा त्या ड्यूटीला असतील तर ओव्हरला सोबत घ्या. लहान मुलाला दुभाषा करू नका, आणि लाजेच्या, खाजगी गोष्टींसाठी नातेवाइकालाही नाही.

वेळेचा हिशोब कागदावर मांडून स्टाफला दाखवा. एका सिस्टरकडे दहा पेशंट, त्यांतले दोन नाजूक. नाजूकांना चार-चार मिनिटं, उरलेल्या आठांना दीड-दीड. आठ आणि बारा, वीस मिनिटं. काउंटरवरची पाच धरून पंचवीस. काउंटरवर बसून, चहा घेत, मध्ये फोन उचलत दिलेली ओव्हरही बऱ्याचदा एवढीच चालते, पण त्यानंतर नवीन सिस्टर पुन्हा सगळ्या खाटा फिरते. ती फेरी इथे वाचते. मात्र ही पंचवीस मिनिटं ड्यूटीच्या तक्त्यात दोन्ही पाळ्यांची म्हणून लिहिलेली असली पाहिजेत. 'पंधरा मिनिटं लवकर या' असं तोंडी सांगून चालवलेली पद्धत दुसऱ्या आठवड्यात मोडते आणि मोडली तर त्यात स्टाफचा दोष नाही.

रात्री दोघीच असतील तर वॉर्ड अर्धा अर्धा वाटून घ्या, नाजूक पेशंटना पूर्ण वेळ द्या आणि स्थिर पेशंटजवळ नाव, नळ्या आणि 'काय वेगळं वाटतंय' एवढ्यावर थांबा. एकीकडे पंधरा, त्यांत तीन नाजूक: बारा मिनिटं त्यांना, अर्धा-अर्धा मिनिट उरलेल्या बारांना, म्हणजे सहा. पंचवीस मिनिटांत काउंटरसकट बसतं. या वेळात बेलला कोण धावणार ते आधी ठरवा. झोपलेल्या पेशंटला उठवायचं का, हे त्याला आधीच्या पाळीत विचारून ठेवा. पण नुकतं ऑपरेशन झालेला किंवा गुंगीचं, तीव्र वेदनाशामक औषध दिलेला पेशंट झोपलाय की शुद्ध हरपतेय, हे हाक मारून, श्वास मोजूनच ठरवायचं.

एकदम तीस खाटांवर सुरू करू नका. दुपारी दोनची एकच ओव्हर, सहा खाटा, दोन आठवडे. त्या सहांत बोलका आणि अबोल, दोन्ही प्रकारचे पेशंट घ्या. पहिल्या आठवड्यात इन्चार्जने सोबत फिरावं, पण मध्ये बोलू नये. पेशंटसमोर सिस्टरला दुरुस्त केलं तर तो त्या सिस्टरवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. पेशंटच्या बोलण्यातून निघालेली प्रत्येक चूक किंवा राहिलेली गोष्ट वहीत एका ओळीत लिहा: उपास, डबल गोळी, बंद पडलेली सलाईन. दोन आठवड्यांनी ती वही स्टाफ मीटिंगमध्ये वाचा. ज्या सिस्टरचा सगळ्यात जास्त विरोध असतो, तिच्याच खाटांची नावं त्यात निघतात आणि मग वेगळं पटवावं लागत नाही. त्यानंतर तपासणीसाठी मोठा फॉर्म नको. ओव्हर संपल्यावर अर्ध्या तासाने इन्चार्जने कुठल्याही दोन खाटांशी जाऊन विचारावं: 'आता तुमच्या सिस्टर कोण? आणि संध्याकाळी तुमचं काय काय व्हायचं आहे?' पेशंटला सांगता आलं नाही, तर त्या खाटेची ओव्हर त्याच वेळी पुन्हा घ्या.